वुडी अ‍ॅक्वाटिक परफ्यूम आणि मराठवाड्याचं ऊन : या चुका टाळा

लातूरचा माझा भाचा मे महिन्यात घरी आला तो बाटली हातात घेऊनच. "मामी, हे बनावट निघालं वाटतं. दुकानात कसा गारेगार वास होता. आता अकरा वाजले की नुसतं लाकूड उरतंय." मी बाटली पाहिली, मनगटावर लावून पाहिली. माल अस्सल होता. वुडी अ‍ॅक्वाटिक, म्हणजे वरून पाण्याचा भास आणि खाली लाकडाचा पाया असलेलं परफ्यूम, आपल्या उन्हात असंच वागतं. हीच तक्रार मी परभणीत, नांदेडातही ऐकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवून घेणं

दुकानात एसी चालू असतो, विक्रेता पट्टीवर एक फवारा मारतो, आपण दोनदा हुंगतो आणि पैसे देतो. त्या क्षणी जे आवडतं ते बहुतेक वेळा लिंबूवर्गीय फळांचं तेल आणि डायहायड्रोमिरसेनॉल नावाचं ताज्या वासाचं रसायन असतं. दोन्ही हलकी, चटकन उडणारी. बेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ती तासाभरातच ओसरतात. मागे राहतं ते देवदार, वाळा, चंदन, अँब्रॉक्सान (अंबरासारख्या वासाचं रसायन) असलं जड सामान. तुम्ही दिवसभर अंगावर वागवणार आहात ते हेच.

म्हणून पट्टी नको, मनगटावर लावा. मग दुकानातून बाहेर पडा, बाजारहाट करा, उन्हातून चाला, चहा घ्या आणि तीन तासांनी हुंगा. तेव्हाही आवडलं तर घ्या. विक्रेता "आजच्या दिवस सूट आहे" म्हणाला तरी घाई करू नका.

'पाण्याचा वास' म्हणजे काय, याचा घोळ

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शुद्ध पाण्याला वास नसतो. अ‍ॅक्वाटिक परफ्यूममधलं पाणी रसायनाने उभं केलेलं असतं. फायझर या औषध कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ साली कॅलोन नावाचं संयुग सापडलं. त्याला समुद्रावरच्या वाऱ्याचा आणि कापलेल्या टरबुजाचा वास येतो. परफ्यूमवाल्यांनी ते मनापासून उचललं ते बऱ्याच वर्षांनी. डेव्हिडॉफचं 'कूल वॉटर' १९८८ चं, इसे मियाके यांचं 'लो द इसे' १९९२ चं, अरमानीचं 'अक्वा दि जिओ' १९९६ चं. हा सगळा समुद्राचा वास आहे.

आपल्याकडे समुद्र कुठे आहे? आपल्या मनातला पाण्याचा वास वेगळाच. माठात टाकलेल्या वाळ्याचा, खिडकीला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या पडद्याचा, जूनच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या काळ्या रानाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या पोराने बाटलीवर 'वॉटर' वाचलं की त्याच्या डोळ्यापुढे लाटा येत नाहीत, ओली माती येते. पहिल्या पावसाचा तो वास मुख्यतः जिओस्मिनचा. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि आपल्या नाकाला ते अगदी कणभरही कळतं. कॅलोनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मातीचाच वास हवा असेल तर कनौजचं मिट्टी अत्तर घ्या. भाजलेल्या मातीचा वास वाफेवाटे चंदनाच्या तेलात उतरवून ते करतात. आणि परफ्यूमच हवं असेल तर वुडी अ‍ॅक्वाटिकमध्ये ज्याच्या पायाशी वाळा आहे, घटकांत 'व्हेटिव्हर' लिहिलेलं आहे, ते आधी लावून बघा. आपल्या नाकाला ते परकं वाटत नाही.

वास येत नाही म्हणून आणखी मारणं

आपलं नाक आपल्याच वासाला अर्ध्या तासात सरावतं. शिवाय वुडी परफ्यूममधले काही रेणू, उदाहरणार्थ आयसो ई सुपर, काही जणांना जवळजवळ जाणवतच नाहीत. तुम्हाला वाटतं उडालं, आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईंचं डोकं दुखत असतं. त्यात कॅलोन चिवट आहे. जास्त झालं आणि घाम आला की ते पिकून उतू गेलेल्या टरबुजासारखं वाटतं. दोन फवारे पुरे. शंका आली तर घरातल्या माणसाला विचारा, पुन्हा बाटली उचलू नका.

टिकत नसेल तर उपाय त्वचेवर करायचा. आपल्याकडची हवा कातडी कोरडी पाडते आणि कोरड्या कातडीवर वास धरत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडं व्हॅसलीन लावा, त्यावर फवारा. सुती कपड्यावर वास जास्त टिकतो, पण पैठणीवर किंवा हिमरू शालीवर कधीही मारू नका, डाग पडतो. सुगंधी तेल, टाल्कम पावडर, डिओ आणि वर हे, असं सगळं एकत्र केलंत तर लाकूड कुठल्या कुठे हरवतं.

जाहिरातीतला माणूस पाहून निवडणं

जाहिरातीत तो समुद्रात सूर मारतो. पण हे परफ्यूम खरं शोभतं ते कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या माणसाला. शाळेतले सर, बँकेच्या काउंटरवरची ताई, दवाखान्यातले डॉक्टर. ज्यांच्याजवळ दिवसभर माणसं येऊन बसतात त्यांचा वास अंगावर येऊन चालत नाही. 'पुरुषांसाठी' या शब्दावरही जाऊ नका. 'लो द इसे' तर मुळात बायकांसाठी आलं होतं. देवदार आणि वाळा सुती साडीवर फार सुंदर लागतो.

ज्याचा स्वभावच सणासारखा आहे, जो मांडवात शिरला की सगळे वळून बघतात, त्याला मात्र हे दुपारपर्यंत फिकं वाटणार. त्याने ऊद, हिना, गुलाब घ्यावा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अत्तराची ती आवड आपल्याकडे अजून आहे, आणि त्या वासांना आपलं ऊन मानवतं.

बाटली गाडीत ठेवणं

दुचाकीच्या डिक्कीत, खिडकीत, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात बिघडू शकते. रंग गडद झाला, पहिल्याच फवाऱ्याला आंबूस झोंबलं, की समजा गेली. लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवा.

भाच्याने बाटली परत केली नाही. कपाटात ठेवली आणि उन्हाळाभर वाळ्याचं अत्तर लावलं. जूनमध्ये पाऊस पडून हवा ओलावली तेव्हा त्याचा फोन आला, "मामी, आज सकाळी दोनच फवारे मारले होते. पाच वाजले, अजून वास आहे."