ई-पुस्तकातील प्रस्तावना, मनोगत आणि प्रकरणांना सिमँटिक खुणा कशा द्याव्यात

छापील मराठी पुस्तक उघडले की मुखपृष्ठ, श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत आणि मग पहिले प्रकरण हा क्रम वाचकाच्या सहज लक्षात येतो. ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित प्रकारातील फाइलमध्ये मात्र ही सगळी पाने संगणकाच्या लेखी सारखीच असतात. अर्पणपत्रिका कोणती आणि मूळ मजकूर कुठून सुरू होतो, हे त्याला वेगळे सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी ज्या खुणा द्याव्या लागतात त्यांनाच ई-पुस्तकांच्या कामात ‘सिमँटिक्स’ म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत घरून अक्षरजुळणी करणारे अनेक जण आता ई-पुस्तकेही तयार करून देतात. हे टिपण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ते सिजिल व कॅलिबर या दोन मोफत सॉफ्टवेअरच्या आधारे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. या सॉफ्टवेअरमधील सिमँटिक्सची सोय पुस्तकाला बाहेरून एक दिशादर्शक यादी जोडते. प्रत्यक्ष मजकुराला ती हात लावत नाही. जुन्या ईपब २ मध्ये ही यादी ओपीएफ फाइलमधील, म्हणजे पुस्तकातील सगळ्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधील, ‘गाइड’ या भागात जाते. ईपब ३ मध्ये, म्हणजे २०११ साली आलेल्या आणि २०२३ मध्ये ३.३ या आवृत्तीपर्यंत पोहोचलेल्या मानकात, ती अनुक्रमणिका असलेल्या ‘नॅव्ह’ फाइलमधील ‘लँडमार्क्स’ या भागात जाते. मजकुराच्या आतली खूण दोन्ही प्रकारांत आपल्यालाच द्यावी लागते. सॉफ्टवेअरचा पर्याय निवडला म्हणजे काम पूर्ण झाले, असे समजणाऱ्याचे पुस्तक निम्मेच खुणावलेले राहते, आणि पडद्यावर सर्व काही नीट दिसत असल्यामुळे ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

आधी फाइली वेगळ्या कराव्यात

समजा, पुस्तक ठाण्याच्या तळ्यांवर आहे. आरंभी शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, एका अभ्यासकाची प्रस्तावना, लेखिकेचे मनोगत आणि ऋणनिर्देश आहेत. पहिले प्रकरण मासुंदा तलाव आणि त्याच्या काठचे कोपिनेश्वर मंदिर यांविषयी आहे, त्यापुढे उपवन, कचराळी अशी एकेक प्रकरणे आहेत आणि शेवटी परिशिष्ट व संदर्भसूची आहे. वर्डमधून ईपब तयार केले, तर प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश बऱ्याचदा एकाच फाइलमध्ये येतात. सिजिलमधील खूण संपूर्ण फाइलला लागते. त्यामुळे एकाच फाइलमध्ये तीन भाग असतील, तर तिघांना तीन वेगळ्या खुणा देता येत नाहीत. म्हणून खुणांकडे वळण्यापूर्वी कोड व्ह्यूमध्ये (मजकुरामागचा कोड दाखविणाऱ्या खिडकीत) प्रत्येक नव्या भागाच्या शीर्षकाआधी कर्सर ठेवून ‘स्प्लिट ॲट कर्सर’ने फाइल तोडावी, आणि नव्या फाइलींना ओळखू येतील अशी नावे सिजिलमध्येच द्यावीत. नाव सिजिलमधून बदलले की त्या फाइलकडे जाणारे दुवे आपोआप सुधारले जातात. ईपब बाहेर उलगडून नाव बदलले, तर ते तुटतात.

पुस्तक जुन्या ईपब २ प्रकारात असेल, तर ते याच टप्प्यावर ईपब ३ मध्ये न्यावे. कॅलिबरच्या संपादकात ‘टूल्स’ मेन्यूखाली ‘अपग्रेड बुक इंटर्नल्स’ हा पर्याय त्यासाठी आहे. आधी खुणा आणि मग रूपांतर असा उलटा क्रम ठेवल्यास त्याच खुणा दोनदा तपासाव्या लागतात.

यादीतील नाव आणि मराठी पुस्तकातील भाग

सिजिलमध्ये डावीकडच्या बुक ब्राउझरमध्ये फाइलवर उजवी क्लिक केली की ‘ॲड सिमँटिक्स’ हा पर्याय येतो आणि त्यातून नावांची एक लांब यादी उघडते. या सोयीची पहिली अडचण अशी की ती उजव्या क्लिकमागे दडलेली आहे. नवख्या माणसाला ती कोणी दाखविल्याशिवाय सापडत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ही यादी इंग्रजी ग्रंथव्यवहाराच्या सवयींवर बेतलेली आहे आणि मराठी पुस्तकाचे भाग तिच्यात बसविताना विचार करावा लागतो.

प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिली असेल, तर तिला ‘फोरवर्ड’ ही खूण द्यावी. लेखकाने स्वतः लिहिलेले मनोगत ‘प्रीफेस’ ठरते. आपल्याकडे लेखकाच्या स्वतःच्या लेखनालाही कधी कधी ‘प्रस्तावना’ असेच शीर्षक असते, म्हणून शीर्षक पाहून खूण देऊ नये. खाली सही कोणाची आहे ते पाहावे. ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका, परिशिष्ट आणि संदर्भसूची यांना यादीत सरळ जोड्या आहेत, त्यांत अडखळण्यासारखे काही नाही. श्रेयपानाला ‘कॉपीराइट पेज’ द्यावे, मग त्यावर मुद्रक, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठकार यांची नावे असली तरी हरकत नाही. मलपृष्ठावरच्या मजकुराला मात्र यादीत चपखल नाव नाही. तिथे ओढूनताणून एखादी खूण चिकटविण्यापेक्षा त्या पानाला खूण न देणे बरे, कारण चुकीची खूण वाचकाला चुकीच्या जागी नेते आणि खूण नसलेले पान निदान क्रमाने तरी वाचले जाते.

सर्वांत जास्त काळजी ‘बॉडीमॅटर’ या खुणेची घ्यावी. पुस्तक प्रथम उघडताना वाचकाला कोणत्या पानावर न्यायचे, हे किंडलसारखी साधने या खुणेवरून ठरवितात. ईपब २ मध्ये हेच काम ‘टेक्स्ट’ ही खूण करते. आपल्या उदाहरणात ती मासुंद्याच्या प्रकरणावर असावी. मनोगत कितीही सुरेख असले आणि वाचकाने ते वाचावे असे लेखिकेला कितीही वाटत असले, तरी ही खूण मनोगतावर ठेवणे योग्य नाही. मनोगत अनुक्रमणिकेत आहेच, आणि ज्याला हवे तो तिथून त्याच्याकडे जाऊ शकतो.

कॅलिबरच्या संपादकात हेच काम ‘टूल्स’ मेन्यूतील ‘सेट सिमँटिक्स’मधून होते. तिथे आधी खुणेचा प्रकार निवडायचा आणि मग तिने पुस्तकातील कोणत्या जागी न्यायचे ते दाखवायचे. ही जागा फाइलच्या मध्येही असू शकते, मात्र त्या शीर्षकाला कोडमध्ये आयडी, म्हणजे स्वतंत्र ओळखनाव, दिलेला असावा. काही कारणाने फाइली तोडणे शक्य नसेल, तर कॅलिबर सोयीचे पडते. फाइली नीट वेगळ्या असतील, तर सिजिलमध्ये काम लवकर उरकते. एकूण विचार करता मला कॅलिबरची पद्धत अधिक समजण्याजोगी वाटते, कारण कोणत्या प्रकाराला कोणती जागा दिली आहे हे तिथे एकाच खिडकीत दिसते, तर सिजिलमध्ये ते पाहण्यासाठी नॅव्ह फाइलच उघडावी लागते.

ती फाइल तशीही एकदा उघडावीच. लँडमार्क्समध्ये प्रत्येक खुणेसाठी एक ओळ असते आणि तिच्यात वाचकाला दिसणारे शीर्षक असते. सॉफ्टवेअरने भरलेली ही शीर्षके बहुधा इंग्रजीत असतात. त्या जागी ‘प्रस्तावना’, ‘मनोगत’, ‘मूळ मजकूर’ असे मराठीत लिहावे. मराठी पुस्तकाच्या यादीत मधेच ‘बॉडीमॅटर’ असे वाचून दाखविले गेले, तर ऐकणाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. त्याच वेळी पुस्तकाची भाषा मेटाडेटामध्ये (पुस्तकाविषयीच्या नोंदीत) आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या टॅगमध्ये (कोडमधील कोनी कंसांतल्या खुणेत) मराठीच नोंदली आहे ना, तेही पाहून घ्यावे, कारण वाचून दाखविणारा आवाज कोणत्या भाषेचा निवडायचा हे त्यावरून ठरते.

मजकुराच्या आत

आता उरलेल्या निम्म्या कामाकडे वळू. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांसाठी हेच काम अधिक मोलाचे आहे. टॅगमध्ये लिहिला जाणारा ईपबचा स्वतःचा ‘टाइप’ हा गुणधर्म पडदावाचक सहसा वाचत नाहीत. ते ‘रोल’ हा गुणधर्म वाचतात. यासाठी डिजिटल प्रकाशनाची वेगळी नावे २०१७ साली वेब मानक म्हणून मान्य झाली असून ती सगळी ‘डॉक’ या शब्दाने सुरू होतात. म्हणून प्रत्येक भागाचा मजकूर ‘सेक्शन’ टॅगमध्ये गुंडाळावा आणि त्याच टॅगवर टाइप व रोल हे दोन्ही गुणधर्म लिहावेत. मनोगताच्या सेक्शनवर टाइप ‘प्रीफेस’ असेल, तर रोल ‘डॉक’, मग जोडरेघ आणि मग ‘प्रीफेस’ असा येतो. रोल ‘बॉडी’ टॅगवर लिहू नये. तिथे तो चालत नाही आणि तपासणीत चूक म्हणून पुढे येतो. प्रत्येक टाइपला जोडीचा रोल असतोच असेही नाही. शीर्षकपान आणि श्रेयपान यांना तो नाही, तिथे टाइप पुरेसा आहे.

तळटीपांसाठी थोडे अधिक थांबावे लागते. मासुंद्याच्या प्रकरणात कोपिनेश्वराच्या उल्लेखावर एक तळटीप आहे असे धरू. मजकुरातील छोट्या आकड्याच्या दुव्यावर ‘नोटरेफ’ ही खूण द्यायची, टीप स्वतः ‘असाइड’ टॅगमध्ये ठेवून तिच्यावर ‘फुटनोट’ ही खूण द्यायची, आणि दोन्हीकडे जुळणारे रोल लिहायचे. एवढे केले की ॲपल बुक्ससारख्या वाचन-ॲपमध्ये आकड्यावर बोट ठेवताच टीप त्याच पानावर छोट्या चौकटीत उघडते. खुणा नसतील, तर तोच दुवा वाचकाला फाइलच्या तळाशी नेऊन सोडतो आणि त्याला वाक्याचा धागा पुन्हा शोधत परत यावे लागते. टिपेच्या शेवटी मूळ जागी परतण्याचा दुवाही असावा, म्हणजे जिथे चौकट उघडत नाही तिथल्या वाचकाचीही सोय होते. सिजिल आणि कॅलिबर या दोन्हींच्या सिमँटिक्सच्या खिडक्या या कामात उपयोगी पडत नाहीत; शोधा-आणि-बदला वापरून सगळ्या टिपा एकदम खुणावणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. टाइप लिहिण्यापूर्वी फाइलच्या पहिल्या टॅगमध्ये ईपबच्या नावक्षेत्राची (नेमस्पेसची) ओळ, म्हणजे टाइप हा ईपबचा गुणधर्म आहे हे सांगणारी ओळ, आहे याची खात्री करावी. सिजिलने तयार केलेल्या ईपब ३ च्या नव्या फाइलीत ती असते. बाहेरून आणलेल्या फाइलीत नसेल, तर एका गुणधर्मामुळे संपूर्ण पान उघडेनासे होते.

छापील आवृत्तीचे पृष्ठ क्रमांकही असेच खुणावता येतात. पुस्तक संदर्भासाठी वापरले जाणार असेल, तर ते करावे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ सालची. अशा ग्रंथालयांत बसून काम करणारे अभ्यासक पृष्ठ क्रमांकानेच संदर्भ देतात, आणि ई-आवृत्तीत तो क्रमांक नसला की त्यांना ती टाळावी लागते.

शेवटी तपासणी. ईपबचेक हे साधन रचनेतील चुका दाखविते, तर दृष्टिहीनांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी संस्थेचे ‘एस’ हे साधन टाइप आहे पण जुळणारा रोल नाही अशा जागा दाखविते. दोन्ही साधने चालवावीत, मात्र मनोगताला चुकून ‘फोरवर्ड’ म्हटले असेल, तर त्यांपैकी एकालाही ते कळणार नाही. म्हणून पुस्तक थोरियम रीडर या वाचन-सॉफ्टवेअरमध्ये उघडून लँडमार्क्सची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक ओळीवर क्लिक करून ती योग्य पानावर नेते का, हे स्वतः पाहावे. किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये पुस्तक मासुंद्याच्या प्रकरणावर उघडते का, तेही पाहावे. प्रकाशकाने शेवटच्या क्षणी एखादे पान वाढविले किंवा दोन फाइली जोडल्या, तर ही पाहणी पुन्हा पहिल्यापासून करावी.