इफ्फीला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्यासाठी दर नोव्हेंबरमध्ये पणजीची वारी करू लागल्याला आता बरीच वर्षे झाली आणि नवखी मंडळी त्याच त्या चुका दरवर्षी नव्या उत्साहाने करताना पाहून हसूही येईनासे झाले आहे.

सर्वांत महागात पडते ती वेळापत्रकाची हाव. दिवसाला पाच चित्रपट कागदावर सहज बसतात. कारण कागदावर पणजी आणि पर्वरी यांच्यामध्ये मांडवी नसते. हा शहाणपणा मी गमावून मिळवला आहे. एकदा पर्वरीचा खेळ संपल्यानंतर पुढच्या खेळापूर्वी माझ्या हाती चाळीस मिनिटे होती, परंतु दिग्दर्शक मंचावर आले, प्रश्नोत्तरे रंगली, मधून उठणे जिवावर आले आणि नंतर बस पुलावर अशी अडकली की खाली कॅसिनोच्या बोटींवरचे दिवे मोजण्याखेरीज काही उरले नाही. पणजीतल्या कांपालला धापा टाकत पोहोचलो, तेव्हा माझी राखलेली खुर्ची रश लाइनमधल्या, म्हणजे आरक्षणाविना रांगेत थांबलेल्या, कुणाला तरी मिळाली होती. तेव्हापासून मी दिवसाला तीनच चित्रपट पाहतो आणि एका दिवसात नदी ओलांडत नाही. आयनॉक्स, मॅकिनेझ पॅलेस आणि कला अकादमी पायी फिरण्याच्या टापूत आहेत, तेवढे पुरे.

दुसरी चूक पुरस्कारांची, आणि ती करणाऱ्यांत बातम्या लिहिणारेही असतात. एका ओळखीच्या दिग्दर्शकाचा चित्रपट इंडियन पॅनोरमात निवडला गेला, तर गावात ‘इफ्फीचे सुवर्णकमळ पटकावल्याबद्दल अभिनंदन’ असा फलक लागला आणि तो बिचारा आठवडाभर खुलासे करीत फिरला. सुवर्णकमळ राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे. इफ्फीचा तो सुवर्णमयूर. तो आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मिळतो आणि त्याची 40 लाख रुपयांची रक्कम निर्माता व दिग्दर्शक यांच्यात वाटली जाते. पॅनोरमा हा 1978 मध्ये सुरू झालेला भारतीय चित्रपटांचा विभाग आहे. तेथील निवड मानाची खरी, परंतु ती निवडच. फाळके पुरस्कारही इफ्फीचा नव्हे. कोणताही मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी मी ‘विभाग कोणता?’ एवढेच विचारतो, आणि निम्म्या बातम्या तिथेच गळतात.

महोत्सव ‘मूळचा गोव्याचा’ म्हणू नका. तो 1952 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 2004 पासून गोव्यात स्थिरावला.

जागा राखून ठेवायची आणि खेळाला जायचेच नाही, हा निव्वळ असभ्यपणा आहे. बेत बदलला, तर आरक्षण रद्द करावे.

कुठे काय पाहावे हे दुसऱ्यांच्या ‘दहा अवश्य पाहा’ याद्यांवरून ठरवणाऱ्या उतावळ्यांना मी काही सांगत नाही. मी स्वतः आदल्या रात्री पुस्तिका उघडतो, नाव न ऐकलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटावर खूण करतो आणि पिशवीत शाल टाकतो, कारण नोव्हेंबरचे गोवे उबदार असले, तरी वातानुकूलित सभागृहात तिसऱ्या खेळाला दात वाजतात.