खिडकीभोवतीचा वॉलपेपर: दुसऱ्या खेपेला जमलं

पहिल्यांदा मी खिडकीच्या मापाचे तुकडे आधीच कापून घेतले आणि तिथेच फसलो. भिंत कुठे सरळ असते! कोपऱ्यात बोटभर फट राहिली. खिडकीच्या आतल्या कडांवर चिकटवलेला कागद तर काचेवरून ओघळणाऱ्या ओलाव्याने महिन्यात सुटला.

मग सगळं खरवडून काढलं. आतल्या कडांना प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात दिले. रंग जरासा भिंतीवरही येऊ दिला. तो पुरता वाळल्यावर अख्खा कागद खिडकीवरूनच खाली सोडला, कोपऱ्यापर्यंत तिरका छेद दिला, कडेशी दाबून बसवला आणि मोजपट्टी धरून जादाचा भाग कापला. पातं मात्र सारखं बदला. बोथट पात्याने ओला कागद कापला जात नाही, फाटतो.