घाबरट कुत्र्याला घेऊन परदेशी जायचं असेल तर : बेळगाव ते जर्मनी, आम्ही काय काय केलं

आमच्याकडं दोन कुत्री. मोठी चिक्की, मुधोळ जातीची, आणि गुंड्या, वॅक्सिन डेपोच्या कोपऱ्यावर पावसात सापडलेलं गावठी पिल्लू. चिक्कीचं नाव शेजारच्या अक्कांनी ठेवलं, कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान, आणि आता ती माझ्या कमरेला लागते. दोघंही घाबरट. चिक्की तर एवढी की विसर्जनाच्या रात्री डॉल्बी सुरू झाला की मोरीत बादलीच्या मागं जाऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावायची नाही. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, बारा वर्षं काढल्यावर मला स्टुटगार्टकडं काम मिळालं तेव्हा घरात सगळे हेच म्हणाले, "कुत्री खानापूरला शेतावर सोड की गा, तिकडं काय राहतील ती." मी आणि बायको दोघांनी ठरवलं, न्यायची तर दोघंही, नाहीतर आपण पण जायचं नाही.

आता आमच्या भागातली बरीच मुलं बाहेर जायला लागलीत आणि आठवड्यातून एकाचा तरी फोन येतो की कुत्र्याचं कसं केलंस, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. कागदपत्रांमुळं तुम्हाला काही महिने थांबावंच लागतं, त्यावर चरफडू नका, कारण घाबरट कुत्र्याला तयार करायला पण तेवढेच महिने लागतात. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करायची. बरेच लोक कागद पूर्ण झाल्यावर क्रेट, म्हणजे कुत्र्याला विमानात न्यायची दाराची पेटी, विकत आणतात, विमानाच्या आठ दिवस आधी, आणि मग कुत्रं त्यात जायला तयार नाही म्हणून रडतात.

कागदांचा क्रम आधी डोक्यात पक्का बसवा, कारण क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. युरोपियन युनियनसाठी पहिली मायक्रोचिप, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली घालायची ओळखीची चिप, आयएसओ ११७८४/११७८५ वाली, १५ आकडी नंबरची. चिपच्या नंतर किंवा त्याच दिवशी रेबीजची लस, आणि कुत्रं तेव्हा कमीत कमी १२ आठवड्यांचं पाहिजे. लस आधी आणि चिप नंतर झाली असेल तर ती लस त्यांच्या दृष्टीनं झालेलीच नाही. आमच्या गुंड्याचं हेच झालं. डॉक्टरनी आधी इंजेक्शन दिलं, चिप संपलीय म्हणून दहा दिवसांनी घातली, मला पण तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुढं फाईल बघताना तारखा उलट्या दिसल्यावर पोटात गोळा आला. परत लस, परत मोजणी. म्हणून सांगतो, डॉक्टरकडं गेलात की चिप घालायच्या आधी त्यांच्या हातातल्या रीडरवर नंबर वाचून घ्या, घातल्यावर परत वाचा, लसीच्या पुस्तकात चिपची तारीख आणि लसीचा स्टिकर दोन्ही आहेत का बघा, आणि मगच लस.

लसीनंतर कमीत कमी ३० दिवस गेले की रक्त काढायचं. भारत त्यांच्या रेबीजच्या सुरक्षित देशांच्या यादीत नाही म्हणून ही अँटिबॉडी टेस्ट लागते, टायटर टेस्ट म्हणतात तिला. रिझल्ट ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याच्यावर पाहिजे आणि लॅब युरोपियन युनियननं मान्य केलेलीच पाहिजे, जवळची कुठलीही चालत नाही. रक्त काढलेल्या तारखेपासून (रिझल्ट आलेल्या नाही) पूर्ण ३ महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेलेच, आणि मध्ये काही गडबड झाली तर सहा-सात. यात चांगली गोष्ट एकच, पुढची बूस्टर लस कधी चुकवली नाही तर ही टेस्ट परत करावी लागत नाही, म्हणून जायचं नक्की नसलं तरी करून ठेवा.

शेवटी निघायच्या तोंडावर ॲनिमल क्वारंटाईनचं सरकारी ऑफिस. ही देशात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद इथंच आहेत, बेळगावात हे काम होत नाही. तिथं कुत्रं दाखवावं लागतं, चिप स्कॅन होते, आणि ते हेल्थ सर्टिफिकेट देतात. युरोपात पोचायच्या आधीच्या १० दिवसांतलंच सर्टिफिकेट चालतं, त्यामुळं तिकीट, क्वारंटाईनची तारीख आणि प्रवास एका रेषेत बसवा. तुमच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर ते घरचं कुत्रं न धरता व्यापारी माल धरला जातो, नियम बदलतात.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. इंग्लंडला विमानातून कुत्रं फक्त कार्गोनंच, म्हणजे मालाच्या बुकिंगनंच, जातं आणि पोचायच्या २४ ते १२० तास आधी जंतांचं औषध डॉक्टरकडून देऊन नोंद लागते. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत, कुत्रं कमीत कमी सहा महिन्यांचं पाहिजे आणि भारतातून नेताना तिकडच्या मान्य केंद्रात आधी बुकिंग लागतं. ऑस्ट्रेलियाला भारतातून सरळ नेता येत नाही, मध्ये दुसऱ्या मान्य देशात ठेवून न्यावं लागतं, तिथं जाणाऱ्यांनी वर्षभर आधी विचार करावा. आणि जर्मनीला पिटबुल, स्टॅफोर्डशायर, बुल टेरियर असल्या जाती आणि त्यांची क्रॉस पिल्लं न्यायला बंदी आहे, आधीच बघून घ्या.

आता कुत्र्याचं बघू, ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

क्रेट पहिल्या महिन्यातच आणा. माप घेताना कुत्र्याला सरळ उभं करा, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवा, ही झाली क्रेटची लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट केली की रुंदी. उभं असताना कानाच्या टोकापर्यंतची उंची अधिक खालचं अंथरूण, ही उंची. चिक्कीचं ९२ आणि ४६ सेंटिमीटर आलं, म्हणजे ११५ लांब, खांदे २१ म्हणजे ४२ रुंद, उंची ८४ आणि वर गादी. मुधोळ दिसायला काटकुळं असतं पण उंच, त्यामुळं अंदाजानं आणलेला क्रेट हमखास बुटका निघतो. आणि एवढा क्रेट सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, उडणाऱ्या लहान विमानात बसेल असं धरून चालू नका, आम्ही बंगळूरपर्यंत गाडीनंच गेलो.

क्रेट आणल्यावर पहिलं काम, दार काढून ठेवा. नुसता खोका हॉलमध्ये पडू दे. आमचा टीव्हीच्या शेजारी होता, वर बायकोनं जुनी चादर टाकलेली. पहिले चार दिवस चिक्की त्याच्या बाजूनं भिंतीला चिकटून जायची. मग जेवणाचं ताट क्रेटच्या तोंडाशी, दोन दिवसांनी अर्ध्या हातावर आत, मग एकदम मागं. मी तिला एकदाही ढकललं नाही आणि तुम्ही पण ढकलू नका, एकदा ढकललं की पंधरा दिवस वाया. विसाव्या-बाविसाव्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपवर होतो आणि मागं सुस्कारा ऐकू आला, वळून बघतो तर बाई आत जाऊन आडवी झालेली, हनुवटी क्रेटच्या कडेवर आणि मागचा एक पाय बाहेर. मी जागचा हललो नाही, दहा मिनिटं तसाच बसून राहिलो.

त्याच्यानंतर दार लावलं, आधी पाच सेकंद, मग मिनिट, मग आपण खोलीच्या बाहेर, मग तास, मग आख्खी रात्र. प्रत्येक पायरीवर कुत्र्याचं तोंड बघत राहायचं. भूक नसताना ओठ चाटणं, झोप आली नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, थंडीत धाप लागणं, ही घाबरल्याची खूण. दिसली की एक पायरी मागं यायचं. भुंकेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आवाजाची सवय आम्ही रेल्वे गेटवर केली. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटपासून आधी इतक्या लांब उभं राहायचो की मालगाडी फक्त घुमल्यासारखी यायची, खिशात उकडलेलं चिकन, गाडी आली की एक तुकडा, गाडी गेली की बंद. दर आठवड्याला थोडं पुढं. दोन महिन्यांत चिक्की गेटपासून वीस पावलांवर उभी राहून गाडी आली की माझ्या खिशाकडं बघायला लागली. घरी विमानतळाचे आवाज फोनवर लावायचो, अगदी हळू, जेवताना. हे विसर्जनाच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत अजिबात सुरू करू नका, कुत्रं आधीच टेकीला आलेलं असतं.

गाडीचा सराव पण पाहिजे. आधी बंद गाडीत क्रेट, मग गल्लीला एक फेरी, मग धारवाडपर्यंत जाऊन परत. बंगळूर जवळपास ५०० किलोमीटर, आम्ही रात्री निघालो, ऊन नाही आणि हॉर्न कमी, दर दोन-अडीच तासांनी थांबलो, आणि दोन दिवस तिथं मुक्काम करून मगच विमान, लागोपाठ केलं असतं तर दोघं पार खचली असती. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, गार्डच्या डब्यातल्या पेटीत घाबरट कुत्रं कृपा करून घालू नका.

गोळी. हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. माझे मामा पण म्हणाले, "एक झोपेची गोळी दे की गा, तिकडं गेल्यावर उठेल." नाही द्यायची. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही, क्रेट हलला की तोल जातो, आणि वर विमानात बघायला कोणी नसतं. एअरलाइन गुंगीतलं कुत्रं घेतच नाहीत बहुतेक. काही गोळ्यांनी तर अंग लुळं पडतं आणि भीती आहे तशीच राहते, कुत्र्याला ओरडता पण येत नाही, मला तर हे नुसतं आठवूनच कसंतरी होतं. मुधोळसारख्या पळणाऱ्या जातींना भूल वेगळी चढते हे डॉक्टर पण सांगतील. भीती कमी करणारी, गुंगी न आणणारी औषधं असतात, पण ती तुमच्या डॉक्टरनीच ठरवायची, घरी काही आठवडे आधी देऊन बघायची, आणि एअरलाइनला विचारायचं. पग किंवा बुलडॉग असेल तर नाक बसकं असल्यानं त्यांना श्वासाचा धोका जास्त, बऱ्याच एअरलाइन घेत नाहीत, तिकिटाच्या आधी लेखी विचारा.

प्रवासाच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं जेवण, आमच्याकडं दहीभात होता. पाण्याची वाटी दाराला आतून अडकवायची आणि आदल्या रात्री फ्रीजरमध्ये त्यात बर्फ करायचा, म्हणजे क्रेट उचलताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळतं. खाली बायकोची न धुतलेली ओढणी घातली होती, दोन दिवस अंगावर वापरलेली, नवीन गादीपेक्षा तिचा उपयोग जास्त. दाराला चारी कोपऱ्यांत केबल टाय. क्रेटवर नाव, फोन, चिप नंबर आणि कुत्र्याला कोणत्या नावानं हाक मारायची ते पण मोठ्या अक्षरात. काउंटरवर निरोप घेताना रडू नका, मला जमलं नाही, बायकोला जमलं, म्हणून क्रेटपाशी शेवटी तीच गेली. विमानाच्या पोटात जिथं प्राणी ठेवतात तिथं हवेचा दाब आणि तापमान सांभाळलेलं असतं, अंधार असतो, आणि क्रेटची सवय असेल तर अंधारात कुत्रं झोपतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या रात्री मला पण थोडी झोप लागली असती.

उतरल्यावरची पहिली दहा मिनिटं सगळ्यात धोक्याची. कुत्रं क्रेटमधून उडी मारतं आणि पळतं, अनोळखी देशात, हाक मारली तरी ऐकत नाही. मुधोळची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा एका झटक्यात निघतो. म्हणून अंगाला हार्नेस, गळ्यात ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा, दोन्हीला वेगळी दोरी, आणि क्रेट बंद खोलीत किंवा बंद गाडीतच उघडायचा, पार्किंगमध्ये नाही, कितीही दया आली तरी. फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी वेगळं ॲनिमल लाउंज आहे. आम्ही तिथून ताब्यात घेतलं, व्हॅनची दारं लावली आणि मग क्रेट उघडला. गुंड्या लगेच बाहेर, चिक्की वीस मिनिटं आतच. बसू दिलं.

घरी पोचल्यावर पहिला आठवडा पाहुणे नाहीत, बाजार नाही, एकच खोली, तोच क्रेट दार काढून, तीच चादर. मुधोळच्या अंगावर केस नसल्यासारखेच, हिवाळ्यात जाणार असाल तर जाकीट इथूनच घालायची सवय लावून न्या. गावच्या ऑफिसात कुत्र्याची नोंद करून वर्षाचा कुत्रा-कर भरावा लागतो, आणि काही राज्यांत कुत्र्यानं कोणाचं नुकसान केलं तर त्यासाठीचा विमा पण सक्तीचा आहे.

आणि ३१ डिसेंबर. दिवाळी मागं राहिली म्हणून निर्धास्त राहू नका, जर्मनीत नवीन वर्षाच्या रात्री घराघरांतून फटाके उडवतात आणि तो आवाज आपल्या पाडव्याच्या रात्रीपेक्षा कमी नसतो. त्या दिवशी उजेड असतानाच लांब फिरवून आणा, अंधार पडल्यावर कुत्रं दोन दोऱ्यांशिवाय बाहेर काढू नका, शटर खाली, पंखा चालू, क्रेट घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत. आम्ही बाथरूममध्ये ठेवला, बादली पण शेजारी ठेवली, आणि मी तिथंच फरशीवर उशी घेऊन झोपलो.