नेटवर्कवरून सर्व्हर बूट होण्यास लागणारा वेळ कमी करा

डिस्क नसलेले अनेक सर्व्हर वीज जाऊन आल्यावर एकदम सुरू झाले, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि त्याहून मोठी इनिटरामएफएस फाइल (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरवण्यातच बराच वेळ जातो, कारण टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवून पोचपावतीची वाट पाहते.

१. टीएफटीपीवर फक्त आयपीएक्सई या नेटवर्कवरून बूट करणाऱ्या प्रोग्रॅमची छोटी फाइल ठेवावी. जुन्या बायोस फर्मवेअरसाठी ‘अनडीआयओन्ली.केपीएक्सई’, नव्या यूईएफआय फर्मवेअरसाठी ‘आयपीएक्सई.ईएफआय’.

२. सर्व्हरकडून आलेल्या मागणीतील यूजर क्लास (मागणी कोणता प्रोग्रॅम करतो हे सांगणारी खूण) ‘आयपीएक्सई’ असेल, तर एचटीटीपीवरील बूट स्क्रिप्टचा पत्ता द्यावा, अशी अट डीएचसीपीमध्ये (आयपी पत्ता व बूट फाइलचे नाव देणाऱ्या सेवेत) घालावी. नेमकी हीच पायरी अनेकदा राहून जाते आणि सर्व्हर तीच छोटी फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसतो.

३. स्क्रिप्टमधून कर्नल व इनिटरामएफएस एचटीटीपीवरून घ्यावेत आणि रूटसाठी (मुख्य फाइल सिस्टिमसाठी) एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून वाटून दिलेल्या फोल्डरचा, मार्ग द्यावा.

सर्व सर्व्हरांचे रूट एकच असेल, तर ते एनएफएसवर रीड-ओन्ली ठेवून लिहिण्यासाठी प्रत्येकाच्या रॅममध्ये ओव्हरले (वरचा लिहिता येणारा थर) द्यावा. एनएफएसऐवजी आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत) वापरत असल्यास एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम असलेला एकच लन (अशी जोडलेली डिस्क) दोन सर्व्हरांना लिहिण्यासाठी कधीही जोडू नये. दोघेही परस्परांच्या नकळत लिहितात आणि फाइल सिस्टिम बिघडते.