‘अपेक्षा किती?’ असं विचारलं तर

पब्लिक पॉलिसीची (सार्वजनिक धोरणांच्या अभ्यासाची) पदवी घेऊन पहिल्या मुलाखतीला गेले आणि ‘पगाराची अपेक्षा?’ म्हटल्यावर एक गोल आकडा ठोकून दिला. समोरच्यांनी तो लगेच मान्य केला. तिथेच शंका यायला हवी होती. ऑफर लेटरमध्ये एकच ओळ होती: ‘एकत्रित मानधन, अकरा महिन्यांसाठी’. भत्ते, भरपगारी रजा, निवृत्तीची तरतूद, काहीच नाही.

तेव्हा आकड्याआधी पद बघा. सरकारी आणि आंतरराष्ट्रीय नोकरीत पैसे श्रेणीला मिळतात. पदवी तुम्हाला फक्त श्रेणीच्या दारापर्यंत नेते. वेतनाचे तक्ते उघड असतात, ते काढून वाचा. अमेरिकेच्या संघीय सरकारात नुसत्या पदवीवर साधारण जीएस-५ (जीएस म्हणजे ‘जनरल शेड्यूल’, तिथल्या वेतनश्रेणी; आकडा वाढला की श्रेणी वरची), उत्तम गुण असतील तर जीएस-७, पदव्युत्तर असेल तर जीएस-९ पर्यंत अर्ज करता येतो. प्रत्येक श्रेणीत १० टप्पे. पहिल्या तीन वेतनवाढी दरवर्षी, पुढच्या तीन दोन-दोन वर्षांनी, शेवटच्या तीन तीन-तीन वर्षांनी. पहिल्यावरून दहाव्या टप्प्यावर जायला १८ वर्षं! म्हणून घासाघीस करायची ती सुरुवातीच्या टप्प्यासाठी, आणि तीही रुजू होण्याआधी. नंतर ती मागणी ऐकूनच घेत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांत पी-२ (‘प्रोफेशनल’ गटातली सुरुवातीची श्रेणी) पदाला सहसा पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. तिथे मूळ वेतनावर नेमणुकीच्या शहराप्रमाणे वेगळी रक्कम मिळते, त्यामुळे जिनिव्हातला पी-२ आणि नैरोबीतला पी-२ यांचे आकडे जुळत नाहीत. नुसतं मूळ वेतन बघून हुरळू नका.

संशोधन संस्थांत बहुतेकदा असा तक्ताच नसतो. तिथे मी एकच विचारते: ‘हे पद कोणत्या निधीतून आहे आणि तो कधी संपतो?’ उत्तर द्यायला जितकी टाळाटाळ, तितकी नोकरी कच्ची.

दोन ऑफर हातात असल्या की कागदावर मूळ वेतन, भत्ते, कपात आणि हातात येणारी रक्कम असे चार रकाने आखा. वार्षिक पॅकेजमध्ये भविष्य निर्वाह निधीसारखी संस्थेने भरायची वर्गणीही बऱ्याचदा धरलेली असते, ती आधी वजा करा.

दुसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी म्हटलं, ‘या पदाची श्रेणी कोणती, आणि माझा अनुभव कोणत्या टप्प्यात बसतो?’ मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चष्मा चढवला, खणातून तक्ता काढला आणि माझ्यासमोर सरकवला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा पहिलाच टप्पा वरचा होता.