हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात स्वयंपाक: एकच चूल कशी निवडावी?

लाकडावर चालणारी, चारी बाजूंनी बंदिस्त आणि धुराडं असलेली जवळजवळ कोणतीही चूल हिवाळ्यात स्वयंपाकघर गरम करते. तिचा खरा कस लागतो उन्हाळ्यात. पातेलंभर पाणी उकळायला किती थोडा जाळ पुरतो आणि तेवढ्यात खोली किती तापते, हे तेव्हा कळतं. म्हणून चूल घेताना आधी उन्हाळ्याचा विचार करा.

सुरुवात खोलीच्या मापापासून. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. बऱ्यापैकी बंदिस्त घरात साधारण १४ घनमीटरला चुलीची १ किलोवॉट उष्णता, आणि भिंती-छतातून ऊब निसटत असेल तर १० घनमीटरला १ किलोवॉट, असा ढोबळ हिशोब धरतात. ५ × ४ × २.८ मीटरची खोली ५६ घनमीटर भरते, म्हणजे बंदिस्त घरात ४ किलोवॉट पुरे. "असू दे थोडी मोठी" हा मोह कटाक्षाने टाळा. मोठी चूल खोली तापवू नये म्हणून हवा कोंडून धुमसत ठेवावी लागते. मग लाकूड नीट जळत नाही, धुराड्यात डांबरासारखी काजळी साचते आणि कधीतरी तीच पेट घेते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: जिच्यावर लाकडं जळतात ती जाळी. दोन्ही ऋतूंसाठी बनवलेल्या काही चुलींत ती वर-खाली करता येते. हिवाळ्यात जाळी खाली, म्हणजे जळणाची जागा खोल. मोठे ओंडके मावतात आणि चुलीचं सगळं अंग तापतं. उन्हाळ्यात जाळी वर घेतली की चुलीच्या वरच्या सपाट तव्याच्या अगदी खाली चार बारीक ढलप्यांचा जाळ पुरतो. दुकानात स्वतः हाताने जाळी वर-खाली करून बघा. ती सहज सरकायला हवी आणि वर घेतल्यावर घट्ट बसायला हवी. एवढी एक सोय नसेल, तर बाकी चूल कितीही देखणी असली तरी मी ती घेणार नाही.

भट्टी, म्हणजे भाजण्यासाठी बंद कप्पा, असलेल्या चुलीत धुराची झडपही बघा. झडप एका बाजूला केली की गरम धूर भट्टीभोवती फिरून जातो, दुसऱ्या बाजूला केली की सरळ धुराड्यात. उन्हाळ्यात हाच जवळचा रस्ता कामाचा.

मग वजन. दगडी किंवा जाड बिडाची चूल उशिरा तापते आणि विझल्यावरही तासन्‌तास ऊब देत राहते. थंडीत हे वरदान, उन्हाळ्यात शिक्षा. पोलादी पत्र्याची चूल पटकन तापते, पटकन निवते. दोन्ही ऋतू साधायचे तर पत्र्याचं अंग, आत आगीला टिकणाऱ्या विटांचं अस्तर आणि वर बिडाचा तवा ही जोडणी मला सर्वांत पटते. पाणी तापवायची टाकी जोडलेली चूल मात्र उन्हाळ्यातही तेवढं गरम पाणी लागत असेल तरच घ्या. ती टाकी रिकामी असताना चूल कधीही पेटवू नये.

धुराड्याबद्दल आधीच जाणकाराशी बोला. बाहेरही गरम असताना धुराड्याची ओढ मंदावते आणि धूर खोलीत परततो. पेटवण्याआधी धुराड्याच्या खालच्या दारात कागदाचा बोळा जाळून ते तापवता येतं, म्हणून असं दार आहे ना ते पाहा. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखाही चुलीचा धूर उलटा खेचू शकतो; चूल पेटलेली असताना तो बंद ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याची सूचना देणारा अलार्म बसवाच.

उन्हाळा लांब आणि कडक असेल तर शेजारी एक इंडक्शन शेगडी ठेवा. ती थेट भांडंच तापवते, त्यामुळे दुपारच्या किरकोळ कामासाठी चूल पेटवावी लागत नाही.

दुकानात जाताना घरच्या सरपणाची लांबी मोजून न्या. ३३ सेंटिमीटरचे ओंडके २५ सेंटिमीटरच्या चुलीत जाणार नाहीत, आणि प्रत्येक ओंडका पुन्हा कापायची वेळ रोज येईल.